परबांचा टपालखाना

दत्ताराम परब एखाद्याला ई-मेल पाठवतात आणि पाठोपाठ स्वतः त्याच्या दारात उभे राहतात. आमची दारे समोरासमोर आहेत. त्यामुळे माझ्याकडे परब बहुधा मेलच्या आधी पोहोचतात.

“मास्तर, आली?”

“नाही.”

“स्पॅममध्ये बघा.”

मी बघतो. लॉटरीची आमिषे आणि केस उगवण्याची तेले यांच्या मधोमध परबांचे पत्र असते.

“हलकटांनी आजपण मला चोरांच्या कोठडीत टाकलं,” असे म्हणून ते परत जातात.

मी आयुष्यभर गणित शिकवले. माणसांविषयी विस्मय वाटण्याची मला सवय नाही. परब हा अपवाद.

परब तारखात्यातून निवृत्त झाले. चारकोपच्या आपल्या दोन खोल्यांत, शिलाई मशीन काढून रिकाम्या केलेल्या टेबलावर, त्यांनी स्वतःचा मेल सर्व्हर थाटला आहे. सर्व्हर म्हणजे पत्रांची आवक-जावक पाहणारा संगणक. तुम्ही-आम्ही ते काम एखाद्या मोठ्या कंपनीकडून फुकट करून घेतो. “फुकटचा पोस्टमन ठेवला तर तो पत्रं वाचणारच,” असे परबांचे मत. वीज गेली की ते गॅलरीत येऊन “टपाल बंद!” असे जाहीर करतात. वीज आली की “टपाल सुरू!” त्यांच्या टपालाची वाट पाहणारे इमारतीत कोणीही नाही. त्यामुळे घोषणेत खंड पडत नाही.

हा छंद आहे, असे मी समजत होतो. एका सकाळी परब नेहमीसारखे आले, पण मेल आली का, हे त्यांनी विचारले नाही.

“स्वातीला पाच पत्रं पाठवली. एकाचंपण उत्तर नाय.”

स्वाती त्यांची एकुलती एक मुलगी. मेलबर्नला असते. तिने आपल्या पसंतीने लग्न केले. परब त्या लग्नाला गेले नाहीत. तेव्हापासून ती त्यांचा फोन उचलत नाही.

“माझ्या मेलवरून पाठवा,” मी सुचवले.

“माफी मागायची ती दुसऱ्याच्या दारातून?”



परबांनी दोष शोधण्यास प्रारंभ केला. पहिला दोष सापडला तो त्यांच्या इंटरनेटच्या नंबरात. “मास्तर, आपण परक्या सोसायटीत गेलो की वॉचमन काय करतो? नाव विचारतो आणि वर फोन लावून खात्री करतो. माझ्या नंबराला कोणी तसं विचारलं, तर तो भलतंच नाव सांगत होता.” नंबरासमोर परबांचे नाव चढवणे इंटरनेट कंपनीच्या हाती होते. परब डबा घेऊन चार दिवस कंपनीच्या कार्यालयात बसून राहिले. पाचव्या दिवशी नाव चढले. नंतर त्यांनी प्रत्येक पत्रावर सर्व्हरची मोहोर उमटेल अशी व्यवस्था केली. तरीही पत्र तेलांच्या मधोमधच.

मग कळले की परबांचा नंबर कचरा मेल पाठवणाऱ्यांच्या काळ्या यादीत आहे. त्या नंबरावरून रोज हजारो कचरा मेल सुटत होत्या. कोणती मेल केव्हा सुटली, त्या नोंदींचे कागद परबांनी छापून जमिनीवर पसरले आणि आठवडाभर त्यांच्यावर ओणवे राहिले. शेवटी म्हणाले, “हा चोर सकाळी दहाला कामावर येतो. एक ते चार झोपतो. सहाला घरी जातो. आणि गुरुवारी सुट्टी घेतो.”

ही सोसायटीच्या कार्यालयाची वेळ होती. परबांनीच शेजारधर्म म्हणून कार्यालयाला आपले इंटरनेट दिले होते. मी खुर्चीतून उठून उभा राहिलो. शाळेत तपासनीस येत, तेव्हा उठावे लागे. त्यानंतर मी कोणासाठी उठलो नव्हतो.

आम्ही खाली गेलो. सेक्रेटरी सावंत चहा पीत होते.

“सावंता, ह्या कॉम्प्युटरात काय घातलंस रे?”

“काय नाय. कुंडली जुळवायचं फुकटचं सॉफ्टवेअर. धाकटीसाठी.”

“किती जुळल्या?”

“एकपण नाय ना यार.”

“जुळतील कशा? ते जगभर कचरा वाटत बसलंय! पार वाट लावलीस माझी!”

सावंतांनी चहाचा कप परबांपुढे सरकवला. परबांनी तो प्यायला आणि लगेच संगणकातून ते सॉफ्टवेअर पुसून काढायला घेतले.

काळी यादी ठेवणाऱ्यांना परबांनी रीतसर अर्ज केला. आठवड्याने नंबर यादीतून निघाला. त्यांची चाचणीची मेल माझ्याकडे थेट आली, सर्वांत वर. मग त्यांनी स्वातीचे पत्र सहाव्यांदा पाठवले. मी शेजारी बसलो होतो. पत्रात काय आहे, हे मी विचारले नाही. पडद्यावर एक ओळ उमटली. मेलबर्नकडच्या सर्व्हरने पत्र स्वीकारले होते. परबांनी त्या ओळीवर बोट ठेवले. फार आनंद झाला की ते मालवणीवर येतात.

“घेतल्यानी, मास्तर! घेतल्यानी!”

त्याला आता तीन आठवडे झाले. उत्तर नाही.

काल सकाळी परब आले. दारातच उभे राहिले.

“मास्तर, अजून कुठेतरी दोष आहे.”

ती ओळ मी स्वतः वाचली होती. यंत्रात दोष उरला नव्हता, आणि हे परबांहून अधिक कोणाला कळण्यासारखे नव्हते.

“असणार,” मी म्हणालो.

चष्मा घेऊन मी त्यांच्याकडे गेलो. त्यांनी माझ्यासाठी खुर्ची ओढली. आम्ही नोंदी पहिल्यापासून तपासायला घेतल्या.