मकरंदपंतांचे पाच मार्गापराध आणि एक जादा रकाना

चौकाचौकांत तांबडा, पिवळा आणि हिरवा ऐसे तीन दीप जागते ठेवून जो उतावळ्यास थोपवितो आणि रेंगाळणाऱ्यास हाकितो, त्या मार्गपालक देवास प्रथम दंडवत, आणि मग ज्यांनी हात धरून अक्षर गिरवून घेतले त्या वडिलांस दंडवत. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर, ज्येष्ठमास, ते समयी साता समुद्रांपलीकडील एका राज्यात राजश्री मकरंदपंत उकिडवे यांणी त्या राज्याचे नागरिक व्हावे ऐसा मनसुबा धरिला, आणि त्यापायी जे जे घडले ते यथास्थित लिहितो. लिहिणार पंतांचा इतका निकटचा की दोघांत चष्मा एकच. सबब पंतांची फजिती लिहिताना लेखणी आखडती घेतली नाही, आणि थोरवी लिहावी तर ती शोधूनही फारशी सापडली नाही.

पंत मूळचे विट्याचे. वडील मामलेदार कचेरीत अव्वल कारकून होते आणि त्यांणी पुत्रास दोनच मंत्र दिले, ते ऐसे: "सरकारी कागदावर खोटं लिहायचं नाही, आणि रकाना मोकळा सोडायचा नाही. मोकळ्या रकान्यात दुसरा काय लिहील याचा नेम नाही." हे मंत्र गाठीस बांधून पंत संगणकाच्या चाकरीस त्या राज्यात आले, त्यास एकवीस वर्षे लोटली. कन्या ईरा तेथेच उपजली म्हणून जन्माने नागरिक, आणि कुटुंब अपर्णाबाई पाच वर्षांमागे रीतसर अर्ज करून नागरिक जाहल्या, आणि पंत मात्र 'बघू, बघू' म्हणत राहिले. कोणी कारण पुसिले तर मातृभूमीचे नाव घेत आणि क्षणभर डोळे मिटीत. खरे कारण ऐसे की अर्ज वीस पानी होता. मग गेल्या ज्येष्ठात सहकुटुंब स्वदेशाहून परतताना विमानतळी मायलेकी नागरिकांच्या रांगेतून घटकेत बाहेर पडल्या, आणि पंत परक्यांच्या रांगेत उभे राहिले, आणि तेथून एका अंमलदाराने त्यांस आतल्या खोलीत नेऊन अडीच तास बसविले. काही निघाले नाही आणि सोडिले. पण बाहेर येऊन पाहतात तो अकरा वर्षांची ईरा पेट्यांवर बसून रडून रडून लाल जाहली होती, आणि तिने पुसिले, "बाबा, तुला परत पाठवणार होते का?" पुन्हा लेकीने हे पुसू नये इतकेच मनी धरून त्यांणी त्याच आठवड्यात अर्ज मांडिला.

पहिली पाने पंतांनी झपाट्याने सर केली आणि मग एके पानी प्रश्न आला की, आपणांस आजवर कोणा अंमलदाराने कोणत्याही कारणे अडविले वा दंडाची चिठ्ठी दिली काय, लहानसहान असली तरी लिहावी, लपवाल तर अर्ज बुडाला समजावे. हे वाचून पंतांनी अर्ज मिटून बाजूस ठेविला. कारण पंत वाहन हाकण्यात स्वतःच्या मते निष्णात, आणि सरकारदफ्तरी त्यांचे मत कोणी विचारिले नव्हते. मग मसलतीस सहकुटुंब स्नेही शिरीषराव देवस्थळी यांजकडे गेले, ते स्वतः नागरिक जाहल्यापासून येणाऱ्याजाणाऱ्यास फुकट सल्ला देत आणि वर खिचडी वाढीत. शिरीषराव बोलिले, "अरे, लिहितोस कशाला? गाडी चुकीच्या जागी लावली म्हणून कोणी देशाबाहेर काढतं का?" त्यावर अपर्णाबाई म्हणाल्या, "दंडाच्या तिकिटासाठी नाही काढणार. लपवलं म्हणून काढतील. मकरंद, तू सगळी लिही. मला बाई काही प्रश्नच आला नाही. मी लिहिलं, एकही नाही." आणि मग नित्याप्रमाणे तेथे जमलेल्या मंडळीकडे वळून म्हणाल्या, "एवढ्या वर्षांत एकही नाही." हे वाक्य बाईसाहेब दर हळदीकुंकवास बोलत, आणि मंडळी वाहवा करीत, आणि पंत मान डोलवीत, त्या दिवशी पंतांची मान अर्ध्यावर थांबली, पण सगळ्यांचे लक्ष खिचडीकडे होते. पुढे वकिलास पुसिले, त्याने सांगितले, "सगळं लिहा, पण थोडक्यात लिहा." त्यातील पहिली अट पाळण्याचे धैर्य पंतांपाशी होते, दुसरी पाळण्याचे उकिडव्यांच्या सात पिढ्यांत कोणास जमले नव्हते.

मग तळघरातील पेटी उघडिली. पंतांस प्रत्येक सरकारी कागद लॅमिनेट करून ठेवण्याचे व्यसन, त्यासाठी घरी यंत्र बाळगीत. सबब दहावीच्या गुणपत्रिकेस जो मान तोच दंडाच्या चिठ्ठीस, पाणी लागून अपराध पुसला जाऊ नये म्हणून. त्यात एक चिठ्ठी थांबण्याच्या खुणेपाशी पुरते न थांबिल्याची निघाली, आणि एक शाळेपुढे वेग न आवरल्याची, आणि एक अग्निशामक नळापुढे गाडी लावून कोथिंबिरीची जुडी आणावयास गेल्याची, आणि एक चालत्या गाडीत फोन पाहिल्याची. या शेवटच्या वेळी पंतांनी शिपायास सांगितले होते की घरून तातडीचा निरोप आहे. वास्तविक तो धावफलक होता आणि आपली बाजू पडत होती. या चार पाहून पंत स्वतःवरच हसले. मग तळाशी पाचवी निघाली आणि हसे मावळले.

तिचे वर्तमान ऐसे. सहा वर्षांमागे चैत्रात, भर दुपारी, विट्याहून बंधूंचा फोन आला की आईचा भरवसा नाही, निघ. विमान तीन तासांवर आणि विमानतळ दोन तासांच्या वाटेवर, आणि पंत एक जोडा पायात, एक हातात, ऐसे दाराशी उभे राहिले. अपर्णाबाईंनी हाताला लागतील ते कपडे पिशवीत कोंबिले आणि पंतांच्या मुठीतून किल्ली काढून घेतली आणि म्हणाल्या, "तू बस नुसता. तुला आत्ता रस्ता दिसायचा नाही." आणि त्यांणी गाडी काढिली, आणि पंत वाटभर मान खाली घालून रडत राहिले, वेग किती याची त्यांस शुद्ध नव्हती. विमान मिळाले. विट्यास पोचले तो आई जागी होती, तिने पुत्राचे मनगट धरिले आणि "जेवलास का?" इतके पुसिले, आणि दुसरे दिवशी पहाटे गेली. दिवसकार्य करून पंत परतले तो टपालात ही चिठ्ठी पडली होती: खांबावरील कॅमेऱ्याने टिपिलेली, पस्तीस मैलांच्या हद्दीत सत्तावन्न मैलांचा वेग, गाडी मकरंद उकिडवे यांच्या नावे. सोबत छबी, तीत चक्रापाशी ताठ बसलेल्या बाईसाहेब, बाजूस पंतांचे वाकलेले डोके. ज्या वेगाने आई भेटली त्या वेगाचा दंड बाईसाहेबांस दाखवावा हे पंतांस कृतघ्नपणाचे वाटले, म्हणून त्यांणी तो गुपचूप भरिला, चिठ्ठी लॅमिनेट केली आणि तळाशी घातली. पुढे बाईसाहेबांनी आपल्या अर्जात 'एकही नाही' लिहिले, ते पूर्ण सचोटीने लिहिले.

आता सरकारने पुसिले होते ते इतकेच की तारीख, ठिकाण आणि कारण. तितके लिहून पंत स्वस्थ बसते तर ही बखर लिहिण्याचे प्रयोजन नव्हते. परंतु मामलेदार कचेरीचे रक्त. त्यांणी स्वहस्ते स्वतंत्र तक्ता आखिला, आणि अनुक्रमांक, तारीख, ठिकाण, हवामान इतके रकाने करूनही उजवीकडे जागा उरली, म्हणून तेथे आणिक एक रकाना आखिला आणि त्यास मथळा दिला 'चालक'. हा रकाना कोणी मागितला नव्हता. पण आखिला म्हणजे भरिला पाहिजे, मोकळा सोडावयाचा नाही. चार ठिकाणी आपले नाव लिहिले आणि पाचव्या ठिकाणी लेखणी थांबली. बाईसाहेबांचे लिहावे तर त्यांचा जुना जबाब खोटा पडेल, आणि नागरिकत्वासच कोणी हात घालील, ऐसे भय वाटले. म्हणून पाचव्यातही स्वतःचे नाव घातले आणि खाली सही ठोकिली. एका मंत्राच्या पायी दुसरा मंत्र मोडिला, आणि कोणी विचारिले नसताना मोडिला.

मुलाखतीचा दिवस आला. अपर्णाबाई सोबत आल्या, त्यांस बाहेर बसविले आणि पंत एकटे आत गेले. पंतांनी उजवा हात वर करून खरे बोलण्याची शपथ घेतली, आणि वर्षानुवर्षे असेच लोकांचे हात उंचावलेले पाहणारी अंमलदारीणबाई चष्मा साखळीस अडकवून समोर बसली होती, वयाने पोक्त आणि चेहऱ्याने थकली. तिने लॅमिनेट केलेल्या चिठ्ठ्या उचलिल्या, त्या गुळगुळीत म्हणून मेजावरून घसरून खाली पडल्या, आणि दोघे मिळून त्या वेचू लागले. मग तक्ता पाहून ती म्हणाली, "हा चालक रकाना कशाला? आम्ही विचारलं नव्हतं."

पंत म्हणाले, "जागा उरली होती."

ती किंचित हसली आणि रीतीप्रमाणे पुसती जाहली, "बरं. पाचही वेळा गाडी तुम्हीच चालवत होतात?"

आता 'हो' म्हणावे तर शपथेवर खोटे, आणि 'नाही' म्हणावे तर सहीचा कागद खोटा आणि वर बाईसाहेब गोत्यात. पंतांच्या कपाळी घाम आला, आणि पेट्यांवर बसलेली ईरा डोळ्यांपुढे आली, आणि 'हो' अगदी ओठांवर आले. मग त्यांणी ते गिळिले आणि म्हणाले, "चार वेळा मी. पाचव्या वेळी माझी बायको. मी खोटं लिहिलं. तिला या तिकिटाचं माहीतच नाही, मी तिला कधी सांगितलं नाही. जे करायचं ते माझं करा."

अंमलदारीणबाईने लेखणी खाली ठेविली. "का नाही सांगितलं?"

पंतांनी सगळे सांगितले आणि सांगताना मोडक्या परभाषेची लाज सोडिली. तिने ती छबी उचलून पाहिली. मग पुसिले, "भेटली आई?"

"भेटली."

मग तिने तक्ता पंतांपुढे सरकविला आणि सांगितले की पाचवे नाव खोडा, खरे लिहा, बाजूला सही करा. शपथेवर आपणहून दुरुस्त केले तैसे मी नोंदविते. आणि म्हणाली, "आणि हे लक्षात ठेवा, खांबावरचं तिकीट गाडीला येतं, माणसाला नाही. तुमच्या बायकोला कोणा अंमलदाराने अडवलं नव्हतं. तिने लिहिलं ते बरोबरच होतं." हे ऐकून पंतांस कळून चुकले की ज्या संकटापासून कुटुंबास वाचविण्याकरिता त्यांणी खोटे लिहिले ते संकट मुळात नव्हतेच, एकूण राज्यात संकट एकच होते आणि ते खुर्चीत बसून घाम पुशीत होते. अर्ज मंजूर जाहला.

बाहेर अपर्णाबाई उठून उभ्या राहिल्या आणि पंतांचा चेहरा पाहून घाबरल्या. "काय झालं? नाही म्हणाले?"

"हो म्हणाले," पंत बोलिले, आणि तेथेच, लोकांच्या येण्याजाण्यात, सगळे सांगून टाकिले. बाईसाहेब ऐकत राहिल्या. दोघे जिना उतरून गाडीपाशी आली. मग म्हणाल्या, "सहा वर्षं मी सगळ्यांसमोर मिरवतेय, आणि तू मान डोलवतोयस."

"हो."

"किती वेग होता?"

"सत्तावन्न. हद्द पस्तीसची."

"मला वाटलं होतं, जास्त असेल," बाईसाहेब म्हणाल्या आणि त्यांचा आवाज फुटला. "तू असा रडत होतास, मला काहीच सुचत नव्हतं." मग डोळे पुसून हात पुढे केला आणि ती चिठ्ठी मागितली. छबी उजेडाकडे धरून पुष्कळ वेळ पाहिली, आणि आपली पर्स उघडून तिच्या आतल्या कप्प्यात ती ठेविली, आणि म्हणाल्या, "ही माझी आहे. तुझ्या फायलीत नको."

एकंदर मजकूर इतका. मकरंदपंत त्या राज्याचे नागरिक जाहले; त्यांचे नावे अपराध चार, ते मान्य. अपर्णाबाई आता चारचौघांत 'एकही नाही' ऐसे म्हणत नाहीत. 'एकच' म्हणतात, आणि कशाचे ऐसे कोणी पुसिले तर सांगत नाहीत.