रत्नीचा खुराक आणि सटवाजीच्या कोंबड्या

चाकूरच्या बाजारात गुरुपादप्पांचं पेंड-सरकीचं दुकान. पेंड विकून विकून आपल्याला जनावराचं पोट आतून-बाहेरून कळतं, असा त्यांचा दावा होता. आणि अप्पांचा दावा खोडायचा म्हणजे दुपार रिकामी पाहिजे.

"पोटात जितकं जाईल, तितकं बादलीत येईल," त्यांनी दुकानापुढच्या मंडळींना ठणकावलं. "यंदा जनावरांच्या प्रदर्शनात दुधाला माझ्या रत्नी गाईचा पहिला नंबर. न्हाई आला तर जल्मभर गोठ्यात पाऊल टाकणार न्हाई. खुराक हिच्या हातात."

हिच्या म्हणजे बायकोच्या, महानंदाबाईंच्या. अप्पांचा शब्द चालेल अशी घरात गोठा ही एकच जागा उरली होती. तीच त्यांनी पणाला लावली.

दुसऱ्या दिवसापासून रत्नीची मक्याची भरड चार किलोची आठ झाली, आठवड्यात दहा. तेवढा कडबा कमी.

"अहो, शेण बघा की," महानंदाबाई म्हणाल्या. "पातळ झालंय. अन् त्यात दाणे दिसून राहिलेत."

"घागर काठोकाठ भरली की सांडतीच. म्हंजी पोट भरलंय."

सांडलेलं वेचायला शेजारच्या सटवाजीच्या कोंबड्या यायला लागल्या. अंडंही न शिवणाऱ्या लिंगायताच्या दारात कोंबड्यांचा बाजार! अप्पांनी काठी घेऊन हाकलल्या. अप्पा वळले की त्या परत हजर. पुढं पुढं तर त्यांनी उकिरडा कायमचा सोडला आणि रत्नीच्या शेपटीमागं ठाणच मांडलं.

प्रदर्शनात रत्नीनं नऊ लिटर दूध दिलं. एरवी ती चौदा देत असे. नंबर अकरावा आला. गाई अकराच होत्या.

"बादली तिरपी धरली व्हती," अप्पा म्हणाले.

पशुवैद्य दामिनीबाईंनी वाद घातला नाही. त्यांनी रत्नीचं शेण चाळणीत घेतलं, नळाखाली धुतलं आणि चाळणी अप्पांपुढं धरली. तळाशी ओंजळभर मका चकाकत होता.

"अप्पा, पंगतीत वाढपी पळत सुटला तर जेवणाऱ्यानं खायचं कधी? बेतानं घातलं की दाणा पोटात थांबतो, पचतो. लई घातलं की मागचा पुढच्याला ढकलतो, अन् तसाच बाहेर पडतो. वर आत आंबट होतं ते वेगळंच. मग कडबाबी धड पचत न्हाई."

"ही पुस्तकातली गाय झाली, बाई. माझी चाकूरची हाय."

जमलेली सगळी मंडळी हसली. पण शब्द तो शब्द. त्या दिवसापासून अप्पा गोठ्याच्या उंबऱ्याबाहेर. आत महानंदाबाईंनी भरड हळूहळू उतरवत पाच किलोवर आणली आणि कडबा पोटभर घातला. महिन्याभरात रत्नी पंधरा लिटरवर गेली. अप्पांना ते फार लागलं. ते रोज उंबऱ्याशी बाज टाकून बसत आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, "मी घातलेलंच आता उतरून राहिलंय."

एका सकाळी सटवाजी आला. चेहरा पडलेला. घुटमळला, इकडंतिकडं बघितलं.

"अप्पा, राग मानू नका. गाईचा खुराक कमी केला काय?"

"मला काय इचारतो? मालकीण आत हाय. का बरं?"

सटवाजीनं आवाज खाली आणला. शिवभक्ताच्या दारात हा विषय काढायची त्याला लाज वाटत होती.

"तुमच्या टायमाला कोंबड्या रोजच्या रोज अंडी देत व्हत्या. लई गुबगुबीत झाल्या व्हत्या. आता महिना झाला, बसूनच राहिल्यात. तेवढं पहिल्यासारखं करा की."

आत महानंदाबाईंनी तोंडाला पदर लावला. अप्पा मात्र बाजेवरून उठले. कितीतरी दिवसांनी त्यांची मान ताठ झाली होती. ते उंबऱ्यापाशी गेले, पाऊल मात्र बाहेरच ठेवलं, आणि आत बघून म्हणाले,

"ऐकलंस? खुराक माझा बरोबरच व्हता. जनावर तेवढं चुकलं."