तावडे आवाज भरून नेतात

आमच्या ऑफिसात दुपारी साडेतीनला कुकरच्या तीन शिट्ट्या होतात. ऑफिसात कुकर नाही. गॅसही नाही, चहासुद्धा खालच्या टपरीवरून येतो. शिट्ट्यांमागोमाग एक बाई म्हणते, "अगं, दार लोटून घे, मांजर येईल," आणि लाकडी दार करकरत बंद होतं. आमची सगळी दारं काचेची आहेत.

नव्या रिसेप्शनिस्टने पहिल्याच आठवड्यात टेबलाला लिंबू-मिरची बांधली. शेजारच्या गाळ्यातला माणूस लिफ्टमध्ये मला हळूच म्हणाला, "मॅडम, तुमच्याकडे कोणी गेलंय का हो? शांती करून घ्या ना." मी म्हटलं, गेलं नाहीये, तिथंच आहे. आतल्या केबिनमध्ये बसतं. सुधाकर तावडे नाव त्याचं.

आमची कंपनी अंधेरीत, चकाल्याच्या बाजूला. मालवाहू जहाजांना खलाशी पुरवायचे, हा धंदा. मी कागदपत्रं बघते, तावडे माणसं बघतात. साठी उलटली तरी त्यांना ठेवून घेतलंय, कारण प्रत्येक खलाशाची बायको, सासू आणि कुत्रा त्यांना नावानिशी ठाऊक. बारीक अंगकाठी, पायात रबरी चपला. पाठीमागे कधी येऊन उभे राहतात कळत नाही. मानेवर गार वाटलं की समजायचं, तावडे आले.

गेल्या वर्षी दूरच्या एका समुद्रात युद्ध पेटलं आणि आमचं एक जहाज तिथल्या बंदराबाहेर नांगर टाकून अडकलं. वर बावीस माणसं, बरीचशी कोकणातली, घरं मुलुंड-बोरिवलीकडची. डोक्यावरून ड्रोन जायचे. उभ्या जहाजालाही रात्रंदिवस पहारा लागतो, इंजिन तयार ठेवावं लागतं. माणसं खचली आणि एकाने जरी पहाऱ्यावर हात टेकले, तरी बावीस जणांची वाट लागायची.

हेड ऑफिसने मेल पाठवला, कर्मचाऱ्यांचं मोराल, म्हणजे उत्साह, टिकवा. सोबत यादी होती. ऑनलाइन तंबोला, हास्ययोग, आठवड्याचा स्टार खलाशी. तावडेंनी ती दोनदा वाचली.

"तिथं डोक्यावरनं मरण फिरतंय, नि आपण त्यांना विचारायचं, टॉप लाइन कुणाची?"

त्यानंतर ते खलाशांच्या घरी जाऊ लागले. खिशात छोटं रेकॉर्डर. स्वयंपाकघरात कोपऱ्यात स्टूल मागून घ्यायचे, डोळे मिटायचे आणि तासभर तसेच बसायचे. "माझ्याशी बोलायचं नाय हां. नेहमीसारखं चालू दे." आता ओट्याशेजारी परका माणूस डोळे मिटून बसलेला असताना नेहमीसारखं काय चालणार? बोरिवलीच्या एका घरी मी सोबत गेले होते. तिथली चार वर्षांची पोर त्यांच्याकडे टक लावून बघत होती. शेवटी आईला म्हणाली, "आजोबा संपले का?"

मी विचारलं, नुसते निरोप का नाही भरून घेत? तर म्हणाले, "बोलणं खोटं असू शकतं शिल्पा. घराला खोटं बोलता येत नाय."

साडेतीनच्या सुमाराला जहाजाला अर्धा तास नेट मिळायचं. फोन लागत नसे, फायली तेवढ्या जायच्या. प्रत्येक फाईल पाठवण्याआधी तावडे एकेक आवाज वाजवून बघत, चुकीच्या माणसाला चुकीचं घर जायला नको म्हणून. कॅप्टनने कळवलं की उपाय लागू पडलाय. संध्याकाळी सगळे डेकवर कानात इअरफोन घालून बसतात. कोणी कोणाशी बोलत नाही. अंधारात एखादा मधेच म्हणतो, "आलो, आलो," आणि उठून उभा राहतो. मग आठवतं, की जायला जागा नाही. वाचताना माझ्या अंगावर काटा आला. तावडे मात्र खूश.

आणि मग कोळंबकर केबिनची कडी लावून बसला.

कोळंबकर जहाजावरचा बोसन, म्हणजे खलाशांचा मुकादम. पन्नाशीचा, दणकट, त्याच्या शब्दावर बाकीचे हलायचे. आता तो जेवेना, दार उघडेना. दोघांनी पहाऱ्यावर जायला नकार दिला. कॅप्टनचा मेल आला, लवकर काहीतरी करा. सोबत कोळंबकरची व्हॉइस नोट होती. ती तावडेंनी माझ्यासमोर लावली.

"तावडेसाहेब, आवाज ऐकला. सात वाजता बाहेर मशिदीची बांग आहे, शेजारचा टीव्ही आहे. आमच्या देवाजवळची घंटी नाय. पन्नास वर्षांत आईची घंटी चुकली नाय. आई गेली ना? खरं सांगा."

तावडेंचा चेहरा पांढरा पडला. चूक त्यांचीच होती. मुलुंडला कोळंबकरच्या घरी गेले तेव्हा तिथं सुतक होतं, गावाकडचा कोणी चुलतदीर गेला होता. सुतकात घरात पूजा नाही, घंटी नाही. त्याच्या म्हाताऱ्या आईने तसं सांगितलंही होतं. पण तावडे डोळे मिटून बसले की समोरच्याचं बोलणं त्यांना नुसता आवाज म्हणून ऐकू येतं. त्यांनी ते भरून घेतलं आणि परक्याशी केलेलं बोलणं म्हणून कापून टाकलं.

मी म्हटलं, सोपं आहे, आईचा निरोप भरून पाठवू. तोही पाठवला. कोळंबकरचं उत्तर चार शब्दांचं. "हा आवाज कधीचा आहे?"

सहा महिने आम्ही त्यांना माणसांशिवाय आवाज पाठवत होतो. आता आवाजामागे माणूस आहे, हे कसं पटवायचं?

तावडे उठले. "चल मुलुंडला. त्याची नोट तिला ऐकवायची. ती त्यालाच जाब देईल. जुनी टेप जाब देत नाय."

जाताना रिक्षात ते मला पहिल्यांदाच स्वतःबद्दल बोलले. तरुणपणी तेही खलाशी होते. असंच एक युद्ध, असंच अडकलेलं जहाज. कंपनीकडून दर आठवड्याला निरोप यायचा, घरी सर्व कुशल आहे, कामावर लक्ष द्या. घाटकोपरला परतले, दारातून हाक मारली, "आई, आलो गं." आई जाऊन चाळीस दिवस झाले होते. ऑफिसला ते पहिल्या दिवसापासून माहीत होतं. "कामात खंड नको म्हणून नाय सांगितलं," तावडे म्हणाले. "मोराल." आणि रिक्षाबाहेर बघत राहिले. मला त्या माणसाला आजवर भूत म्हटल्याची लाज वाटली.

कोळंबकरच्या म्हातारीने मुलाची नोट शेवटपर्यंत ऐकली. सुतकाचा अजून एक दिवस उरला होता. ती उठली, देव्हाऱ्यापाशी गेली आणि घंटी अशी बडवली की शेजारीण धावत आली.

"आयकलंस? सुतकात वाजवतंय, तुझ्यापायी! देव काय ता बघून घेतलो. घंटा वाजूक नाय म्हणान माका मारून मोकळो झालंस? आज मंगळवार, आता पावणेसहा झाले, मी जिती आसंय. भायर ये नि जेव, मेल्या!"

फाईल दुसऱ्या दिवशी साडेतीनला गेली. चार वाजता कॅप्टनचा मेल आला, बोसन बाहेर आला, दोन ताटं जेवला, पहारे लागले. तावडे खुर्चीत मागे टेकले आणि त्यांनी खालून दोन चहा मागवले, हे आमच्या ऑफिसात पूर्वी घडलेलं नाही.

त्या गडबडीत फायली मी पाठवत होते. एक जास्तीची गेली, हे मला संध्याकाळी कळलं. 'तावडे, घाटकोपर.' मी ती लावली. कुलूप उघडल्याचा आवाज. चपला काढल्याचा. मग तावडेंचा आवाज, "आई, आलो गं." मग काहीच नाही. पंखा तेवढा. उत्तर यायला जेवढा वेळ लागेल तेवढा ते थांबलेले. मग नळ सुटतो. मग पुढचा दिवस, पुन्हा कुलूप, पुन्हा "आलो गं", पुन्हा तेवढीच जागा मोकळी. कितीतरी दिवसांचं असं एकापुढे एक जोडलेलं. मी ऐकत राहिले आणि रडले. त्यांना सांगायचं धाडस मात्र झालं नाही.

सोमवारी जहाजावरून फाईल आली, तावडेंच्या नावाने. त्यांनी सवयीने साडेतीनला लावली. आम्ही सगळे केबिनबाहेर होतो.

कुलूप उघडलं. चपला निघाल्या. "आई, आलो गं."

आणि त्या मोकळ्या जागेत, बावीस पुरुषांचे घोगरे आवाज एकदम म्हणाले, "इलंस? हातपाय धू. पान वाढतंय."

मग आतून, अगदी हळू, तावडे म्हणाले, "हो."