पुढच्या डाव्या चाकाची हवा

आमच्या कुमुदआत्याच्या गळ्यात मंगळसूत्र नाही, सोन्याची चेन नाही, तुळशीची माळ नाही. काळ्या दोऱ्यात ओवलेला टायरची हवा मोजायचा गेज आहे. लग्नकार्यातही तो पैठणीवर लोंबत असतो. एका लग्नात नवरीच्या मावशीने भक्तिभावाने विचारलं, "हे कोणत्या महाराजांचं आहे हो?" आत्याने तिला मांडवाबाहेर नेलं, तिच्याच गाडीच्या चारही चाकांना तो गेज लावून दाखवला आणि म्हणाली, "मागचं उजवं बसून राहिलं आहे. घरी हळू जा." मावशीने नमस्कार केला.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. डॉक्टर, भूल देणारी. लग्न केलं नाही. "रोज इतके लोक माझ्यासमोर बेशुद्ध पडून राहिले, अजून एक घरी कायले आणू?" एवढाच तिचा त्यावर खुलासा. ती निवृत्त झाली तेव्हा तिच्या मैत्रिणी चारधामला गेल्या. ही मुंबईला गेली आणि दोन सीटची पिवळी स्पोर्ट्स कार घेऊन आली. सेकंडहँड होती, पण आवाज असा की आमच्या त्रिमूर्तीनगरातली कुत्री दोन दिवस गेटाजवळ फिरकली नाहीत.

ही गाडी ती वर्षातून एकदा दक्षिणेतल्या रेसच्या ट्रॅकवर नेते. त्याला 'ट्रॅक डे' म्हणतात. पैसे भरायचे, हेल्मेट घालायचं आणि आपली गाडी दिवसभर जीव खाऊन गोल गोल पळवायची. शर्यत नाही, नंबर नाही, बक्षीस तर नाहीच. बाबांना हे कळलं तेव्हा ते म्हणाले, "प्रदक्षिणाच घालाच्या होत्या तर टेकडीच्या गणपतीले घालाच्या. पेट्रोल तरी वाचलं असतं."

आत्याचा खरा जीव मात्र पळवण्यात नाही, तयारीत आहे. ट्रॅक डे जवळ आला की घरात लग्नघरासारखी गडबड असते. ब्रेकचं तेल बदललं जातं. चाकांचे नट ती स्वतः पान्याने आवळते आणि पाना 'टक्' वाजल्याशिवाय उठत नाही. गाडी हलकी हवी म्हणून स्टेपनी निघते, जॅक निघतो, पायातल्या मॅट निघतात, शेवटी डॅशबोर्डवरचा गणपतीही निघतो. "देवा, चार दिवस वर राहा. वजन होते," असं सांगून ती त्याला देवघरात ठेवते. महिनाभर आधीपासून सावजी मटणही बंद, कारण ड्रायव्हरचंही वजन होतं. वळणावर टायर किती कलंडतो ते कळावं म्हणून टायरच्या कडेवर ती खडूने पांढऱ्या रेघा ओढते. एकदा शेजारच्या काकूंनी त्या रेघा पाहून भक्तिभावाने त्यावर हळदीकुंकू वाहिलं होतं.

पण या सगळ्याच्या वर हवा. हवा थंड टायरमध्ये मोजायची असते. टायर पळून आला की आतली हवा तापते, फुगते आणि गेज भलताच आकडा दाखवतो. त्यामुळे "हे थंडं सांगून राहिला का गरम?" हा तिचा जगाला एकच प्रश्न. मी साहेबाशी भांडून नोकरी सोडायची भाषा केली, तेव्हाही तिने हेच विचारलं. मी म्हटलं, गरम. "मग पाहटे सांग." पहाटे मी गाढ झोपलो होतो, नोकरी वाचली. आता नागपुरात मे महिन्यात थंड काही मिळायचं तर उजाडायच्या आतच, म्हणून आत्या बाराही महिने अंधारात उठून खाली पार्किंगमध्ये जाते. तिथे तिची पिवळी आणि आमची राखाडी अशा दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या असतात.

आमची राखाडी गाडी म्हणजे बाबांची जुनी छोटी गाडी. बाबा ती चाळिसाच्या वर नेत नाहीत, मागून कितीही हॉर्न वाजोत. तिच्याबद्दल त्यांना एकच अभिमान. येणाऱ्याजाणाऱ्याला ते ऐकवतात, "सहा वर्षं झाली, एकदाही हवा भराले गेलो नाही. गाडी कशी चालवता त्याच्यावर असते." आणि मग आवाज चढवून, वरच्या मजल्यावर राहणाऱ्या आत्याला ऐकू जाईल असं, "काही लोकायले रोज उठून हवा पाहा लागते."

बाबा आणि आत्या सहा वर्षं एकमेकांशी बोललेले नाहीत. पिवळी गाडी आली त्या दिवशी, पाहुण्यांसमोर बाबा म्हणाले होते, "या वयात ही थेरं! माझी बहीण म्हणून सांगाले लाज वाटते मले." आत्या पेढ्याचा बॉक्स हातात घेऊन उभी होती. ती एवढंच म्हणाली, "दादा, तू आता गरम आहे. थंडा झाला की बोलू." आणि वर निघून गेली. तेव्हापासून सगळा व्यवहार माझ्यामार्फत. "त्या रेसवालीले सांग, गच्चीतलं पाणी वाहून राहिलं." "त्या म्हाताऱ्याले सांग, बीपीची गोळी घे." दोघं जिन्यात समोरासमोर उभी आणि मध्ये मी, निरोप्या. एकाच आईची ही दोन लेकरं सणालासुद्धा वेगवेगळी जेवतात, याचं मला फार वाईट वाटायचं.

मागच्या हिवाळ्यात मला पहाटेची रेल्वे पकडायची होती. बॅग घेऊन खाली आलो तर आत्या स्वेटर घालून आमच्या राखाडीजवळ उकिडवी बसलेली. एका चाकाला पायाने मारायचा पंप लावलेला.

"ओरडू नको," ती म्हणाली. "तुझा बाप उठन."

"आत्या, हे रोज?"

"मग काय! हा माणूस स्वतःचा चष्मा पुसत नाही, हवा काय पाहते? उद्या वर्धा रोडवर टायर फुटला तर?"

"मग बोल ना त्यांच्याशी."

"गरम आहे अजून."

"सहा वर्षं?"

"मोठं इंजिन आहे. टाइम लागते."

निघताना तिने सांगितलं की तीन चाकं ठीक असतात, पण हे पुढचं डावं रोज उतरतं. मी म्हटलं, पंक्चर काढून आणतो. ती एकदम तडकली. "हात नको लावू. माझं काम आहे ते."

पुढे मीच घोळ घातला. जुनी गाडी विकून नवी घ्यायचं ठरवलं, जिच्या स्क्रीनवर चारही चाकांची हवा आपोआप दिसते. मला वाटलं, आत्याचे पहाटेचे कष्ट वाचतील. कळमेश्वरचं एक गिऱ्हाईकही मिळालं, रविवारी गाडी न्यायला येणार होतं. बाबा भडकले. "काहून विकतो? काय खराबी आहे तिच्यात?" मग दोन दिवस ते नीट जेवलेही नाहीत. वरून निरोप आला, "त्या म्हाताऱ्याले सांग, तो डब्बा विकू नको." सहा वर्षांत बहीणभावाचं पहिल्यांदा एकमत झालं होतं, आणि तेही माझ्याविरुद्ध.

शनिवारी संध्याकाळी गाडीचे कागद काढायला खाली गेलो. पार्किंगमध्ये 'फुस्स' असा आवाज येत होता. बाबा, ज्यांना गुडघ्यामुळे पाटावर बसता येत नाही, ते पुढच्या डाव्या चाकाशी मांडी वाकडी करून बसले होते. हातात आगपेटीतली काडी होती आणि तिने ते टायरमधली हवा सोडत होते.

मला पाहून ते दचकले, मग काडी खिशात घालून टाकली.

"बाबा, हे काय करून राहिले?"

"हळू बोल." त्यांनी वर जिन्याकडे पाहिलं. "एकदा पाहटे पाणी प्यायले उठलो, तर खिडकीतून दिसली. आपल्या गाडीले हवा भरून राहिली होती. मग मी रोज उठाले लागलो. एक दिवस सगळी चाकं बरोबर निघाली. नुसता गेज लावला अन् निघून गेली." त्यांनी गुडघा चोळला. "हवा कमी असली की थांबते ते. पंप मारते. मी खिडकीत बसून चहा घेतो."

"मग सरळ बोला ना तिच्याशी!"

"काय बोलू? तोंडाले येईन ते बोललो मी तेव्हा. अन् तिनं विचारलं, गरम का थंडं, तर?"

मी त्यांना हात देऊन उठवलं. मला हसू येत होतं.

रविवारी पहाटे मी मुद्दाम खाली गेलो. आत्या पंप मारत होती. मी म्हणालो, "आत्या, तुला एक सांगायचं आहे. या चाकाला पंक्चर नाही."

"मले मालूम आहे." तिने पंप थांबवला नाही. "साबणाचं पाणी लावून पाहिलं, व्हॉल्व्ह बदलला. आणि मी ट्रॅकवर गेली की आठ दिवस हे चाक जरा उतरत नाही. पंक्चर असं असते का गा?" मग मान न वळवता म्हणाली, "म्हातारा लाइट बंद करून बसते. पण तो स्टीलचा कप चमकते ना खिडकीत."

"मग वर जाऊन चहा का नाही घेत?"

तिने व्हॉल्व्हचं टोपण दोन बोटांनी सावकाश आवळलं. "बोलाले लागलो की भांडू पुन्हा. भीती वाटते मले. आता रोज भेटून तर राहिलो."

खिडकीकडे पाहायची माझी हिंमत झाली नाही. मी जिन्यात जाऊन कळमेश्वरच्या गिऱ्हाइकाला फोन लावला. तो झोपेतून उठला. सांगितलं, गाडी देता येत नाही, पुढच्या डाव्या चाकात हवा टिकत नाही.

"त्यात काय, भाऊ! टायर टाकून घेऊ ना नवा."

"नाही गा," मी म्हणालो. "त्या गाडीतलं चांगलं म्हणून तेवढं एकच चाक आहे."