सत्तावीस वारांचं पोट

करोडगिरीच्या नाक्यावरून नवं कापड बिनजकातीचं कसं आणावं, हे तुळजापुरात माझ्याइतकं कुणालाच कळत नाही, असं मी चारचौघांत सांगत असे. फसली तेराशे पन्नास साली, म्हणजे इंग्रजी एकोणीसशे एक्केचाळीसात, ऐन चैत्राच्या उन्हात, मला ते एकदा करून दाखवायची पाळी आली.

माझी थोरली, नागम्मा, हिचा साखरपुडा शुक्रवारी ठरला होता. अणदूरचं चांगलं घर होतं. त्यांच्याकडून मुलाच्या चुलत्यानं पोरगी पाहून पसंती दिली होती; मुलाचे वडील हणमंतप्पा यांना मी अजून पाहिलंही नव्हतं. लुगडी मात्र सोलापूरचीच हवीत, असं माझ्या बायकोचं, पार्वतम्माचं म्हणणं पडलं. सोलापूर इंग्रजांचं, तुळजापूर निजामाच्या मोगलाईत, आणि मधे तामलवाडीला नाका. गाठोड्यातल्या नव्या कापडावर जकात पडे. अंगावरच्या कापडाला कुणी विचारत नसे.

सोमवारी सोलापुरात तीन नऊवारी लुगडी घेतली. दुकानदारानं मला मागच्या खोलीत उभं केलं आणि भोवऱ्याला दोरी गुंडाळावी तशी तिन्ही माझ्या कमरेला गुंडाळली. वरून सदरा, त्यावर कोट.

आता माझी शरीरयष्टी सांगायला हवी. वय सत्तेचाळीस. या वयात माझ्या जोडीच्या सगळ्या व्यापाऱ्यांना पोटं सुटली होती, आणि मी गुळाचं दुकान चालवूनही काठीसारखाच राहिलो होतो. गिऱ्हाईक दुकानात येऊन मलाच विचारी, "मालक कुठं गेलेत?" मला याचं फार वाईट वाटे.

त्या दिवशी मात्र मोटारीत लोकांनी सरकून जागा दिली. नाक्यावरच्या जवानानं सगळ्यांची गाठोडी उकलली. मला "चलिए, सेठ" म्हणाला! जन्मात पहिल्यांदा मी सेठ झालो होतो. शेजारी बसलेल्या पागोटेवाल्या गृहस्थांनी अदबीनं नाव विचारलं. मी सांगितलं आणि ते उठून उभेच राहिले.

"शिवलिंगप्पा तुमीच व्हय? मी अणदूरचा हणमंतप्पा."

कामासाठी ते आठवडाभर तुळजापुरातच राहणार होते, आमच्या मागच्या गल्लीत. मी पोटावर हात ठेवून नमस्कार केला.

घरी पार्वतम्मानं मला गरगर फिरवून लुगडी सोडवली. शौर्य सांगता सांगता मी व्याह्यांच्या भेटीचंही सांगितलं. ती मटकन खाली बसली.

"सोमवारी असं पोट बघितलं त्यांनी, अन् शुक्रवारी ही हाडकं बघतील. क्षय हाय म्हणतील. क्षयाच्या घरातली पोरगी कोण करंल?"

मला घाम फुटला. पोरीचं लग्न माझ्या पोटाला टांगलं गेलं होतं, आणि पोट तर पेटीत घडी घालून ठेवायचं होतं. शेवटी तिनं पाळण्यातली जुनी गोधडी काढली आणि माझ्या पोटाला सुतळीनं बांधली.

मंगळवारी बाजाराच्या गर्दीत कुणाचं लक्ष गेलं नाही. बुधवारी मात्र समोरचा धुळाप्पा कासार दुकानात आला, माझ्याकडे बराच वेळ पाहत राहिला आणि हळूच म्हणाला की एका रात्रीत असं पोट येतं ते जलोदरानं; त्याचे मामा त्यातच गेले. संध्याकाळपर्यंत निम्म्या गल्लीनं मला औषधं सांगितली. बारीक झालो तर क्षय, जाड राहिलो तर जलोदर! निरोगी राहायला मला जागाच उरली नव्हती.

गुरुवारी हणमंतप्पा गप्पा मारायला आले आणि भर दुपारी दोन तास बसले. गोधडीखाली मी उकडून निघत होतो. त्यात सुतळी सैल झाली आणि पोट मांडीवर उतरलं. पाणी द्यायलाही मला उठता येईना. एवढं श्रीमंतीचं बसणं आपण पाहिलं नाही, असं ते जाताना पार्वतम्माला म्हणून गेले.

शुक्रवारी पाहुणे आले. बरोबर हणमंतप्पांच्या आई, रुद्रम्मा. म्हातारीची नजर मोठी करडी. पोरीकडे पाही, माझ्या पोटाकडे पाही, पुन्हा पोरीकडे. मग तिनं हणमंतप्पांना खुणेनं बाहेर ओसरीवर नेलं. धुळाप्पा तिथंच उभा होता. गल्लीतला जलोदर तिच्या कानावर गेला, हे मी ओळखलं. आत नागम्मा नवं लुगडं नेसून खाली मान घालून बसली होती. तिच्याकडे बघवेना. चार पैशांची जकात चुकवायला मी पोरीचं भाग्य घालवलं, असं मनात आलं.

हणमंतप्पा आत आले. मला कोपऱ्यात घेऊन चाचरत म्हणाले, "सावकार, राग मानू नका. अव्वाला पोरगी पसंत हाय. पन तिला तुमचं पोट बघून वाईट वाटलं. पोरगी अशी वाळकी, अन् बाप असा. घरातलं सगळं बापच खातो काय, म्हनती."

मी कोटाआडून सुतळी चाचपली.

"मी समजूत घातली," ते म्हणाले. "पन लग्नापर्यंत जरा कमी करा. तेवढा अव्वाला शब्द द्या."

मी म्हातारीच्या पायाला हात लावून शब्द दिला. कुंकू लागलं, साखर वाटली गेली, पाहुणे टांग्यात बसले.

टांगा गल्लीच्या टोकाला वळायच्या आत मी तो शब्द पाळला.