भिडस्त महाराजांनी ऊद लाविला, त्याची हकिकत

श्रीगजाननास नमन. सर्व देवांत नाक त्यांचेच लांब, सबब सुगंधाचे प्रकरणी पहिली साक्ष त्यांची घ्यावी. शके सोळाशे सत्तावीस, पार्थिव नाम संवत्सरी, माघ मासी, एका राज्यात जे वर्तमान जाहले ते ऐसे. राज्याचे नाव लिहीत नाही, वंशज हयात आहेत.

महाराज रूपाने देखणे, मनाने गाय, आणि दोष म्हणावा तर एकच, की तोंडातून 'नाही' म्हणून निघत नसे. कोणी हात जोडिले की स्वारी लोण्यासारखी पातळ होई. चुलतभावाने लग्नाच्या वरातीस म्हणून हत्ती नेला, त्या लग्नाची मुले चालू लागली तरी हत्ती परतला नाही, आणि महाराज म्हणत, "तेथे रमला असेल बिचारा, कशाला विचारावे?" शेजारच्या राजाने शिकारीस रान मागितले, ते दिले, आणि रानात हरणे कमी पडली म्हणून मागाहून हरणेही पाठविली. राणी कृष्णाऊसाहेब हे सारे पाहात आणि जपमाळेचे मणी थोडे जोराने ओढीत. मग खबर आली, की तोच शेजारी आता घाटमाथ्याचा गड मागण्यास वकील पाठवितो. गडावर तलाव, आणि त्या तलावाचेच पाणी शहरास येई. गड गेला म्हणजे शहरास तहान लागली तरी शेजाऱ्यास पुसून लागावी ऐसा प्रसंग. राणीसाहेबांनी विचारिले, "वकील गड मागेल. काय सांगणार?" महाराज बोलिले, "एवढा घाट चढून येणार तो." राणीसाहेब समजल्या, की गड गेला.

तेसमयी सुरतेकडून नूरुद्दीन अत्तार फिरत आला आणि राणीसाहेबांच्या पडद्याबाहेर पेटी उघडून बसला. म्हणाला, "बाईसाहेब, हा ऊद. अगराच्या झाडास आतून रोग होतो, झाड त्या जखमेवर राळ आणिते, आणि तिचा हा अर्क. प्रथम केशर येईल, मग गुलाब, आणि मग खासा ऊद येईल तो जाणार नाही. ज्याने लाविला तो मनुष्य अबोल, खोल, सावकाश पाऊल टाकणारा, समोरच्याच्या अर्जास नुसत्या भुवईने उत्तर देणारा ऐसा होतो." राणीसाहेबांनी कुपी नाकाशी नेली, तो देवळाच्या गाभाऱ्यात वाघ रात्र काढून गेला असावा ऐसा वास आला. परंतु कोणाच्या मालास नावे ठेवणे त्यांच्या नेमात बसत नसे, म्हणून इतकेच म्हणाल्या, "वजनदार आहे. आमच्या स्वारीसही आतून रोगच आहे, भिडेचा. त्यातून काही निघाले तर पाहू." आणि कुपी ठेवून घेतली.

दुसरे दिवशी खिदमतगार अत्तर लावू लागला. नूरुद्दीनाने कानामागे एक बोट सांगितले होते. परंतु खिदमतगार लावीतच राहिला आणि महाराजांस 'पुरे' म्हणवेना, त्याचे मन दुखेल म्हणून. कान जाहले, मग मान, मग मिशा, मग अंगरखा, आणि उरले ते मोजड्यांस. मग स्वारी दरबाराकडे निघाली आणि वास पुढे निघाला.

आता दरबारचा रिवाज ऐसा, की कामकाज संपले म्हणजे अखेरीस अत्तरपान द्यावे, आणि अत्तर आले की निरोप मिळाला समजून उठावे. सरदारांची नाके बापजाद्यांपासून यात तयार जाहली होती; ते बसल्या जागी डुलक्या घेत आणि वास आला की जागे होऊन मुजरा करीत. त्या दिवशी वास आला, आणि सारे उठले. गादी रिकामी होती, परंतु महाराज आले कधी आणि गेले कधी हे एरवीही कोणाच्या ध्यानी राहात नसे, सबब कोणास नवल वाटले नाही. गादीस मुजरा करून मंडळी घरी जेवावयास गेली. महाराज आत येतात तो दरबार ओस, आणि शेवटच्या सरदाराच्या पागोट्याचा शेमला तेवढा दारातून जाताना दिसला. चिकाच्या पडद्यामागून राणीसाहेबांनी सर्व पाहिले आणि सर्व उमजल्या. महाराज मात्र दचकले, मग उभे राहिले, मग मिशीवर हात नेला आणि पडद्याकडे वळून बोलिले, "आमचा दरारा पाहिलात?"

राणीसाहेबांचा खोटे न बोलण्याचा नेम होता. परंतु न बोलणे हे खोटे बोलण्यात येत नाही, ऐसे पुराणिकबुवांकडून त्यांनी पूर्वीच वदवून घेतले होते. त्या गप्प राहिल्या. मग रोज तेच होऊ लागले. महाराज भुवई उचलावयास शिकले, सावकाश पाऊल टाकू लागले, आरशासमोर अबोल बसू लागले, आणि मागणारा कोणी समोर टिकेना म्हणून राज्यातून एक शेळीही बाहेर गेली नाही.

इतक्यात शेजाऱ्याचा वकील भिकोपंत दाखल जाहला. बत्तीस दरबार फिरलेला, त्यामुळे त्याचे पाय नाकाच्या हुकमात. वास आला आणि भिकोपंत मुजरा करून बाहेर. जिना उतरल्यावर आठवले की गड मागावयाचा राहिला. दुसरे दिवशीही तेच. मग तो चिडला आणि दोन्ही नाकपुड्यांत कापसाचे बोळे कोंबून आला. वास आला, दरबार उठला, भिकोपंत बसून राहिला. पडद्यामागे राणीसाहेबांच्या हातातली माळ थांबली.

महाराजांनी भुवई उचलली. भिकोपंत हलला नाही. दुसरी उचलली. तरी नाही.

"आमचे भय वाटत नाही?" महाराज बोलिले.

"भय कशाचे?" भिकोपंत नाक बंद असल्याने गेंगाण्या आवाजात म्हणाला. "लोक अत्तराच्या वासाने उठतात, महाराज. दरबार संपला समजतात. हा बोळा काढला तर मीही उठेन."

महाराज मटकन बसले. मिशा होत्या त्या जागी आल्या. म्हणाले, "म्हणजे या दिवसांत आम्ही कोणास भिवविले नाही."

"नाही."

"आणि कोणास काही दिलेही नाही."

"मागता आले तर द्याल ना."

"त्यापायी कोणी मेले?"

"ऐकिवात नाही."

"रुसले?"

"रुसतात कसले? वेळेवर जेवण मिळते म्हणून दरबारी अंगाने भरले आहेत. ते असो. आमचे महाराज गड मागतात."

महाराजांनी तोंड उघडले, मिटले, पुन्हा उघडले. कपाळास घाम आला आणि त्या घामासही उदाचा वास आला. मग आजारी माणसास कुशीवर वळवावे तैसा तो शब्द त्यांनी हळूहळू बाहेर आणिला. "नाही," म्हणाले.

"धन्यास काय सांगू?"

"हेच सांगा. आणि घाट चढून आला आहात, जेवून जा."

भिकोपंत जेवला, दोनदा श्रीखंड मागून घेतले आणि रिकाम्या हाती परत गेला. महाराज धावत महालात आले. "नाही म्हणालो, आणि आभाळ पडले नाही. पुन्हा म्हणून पाहावेसे वाटते. मागा, तुम्ही काही मागा."

राणीसाहेबांचे डोळे भरून आले. पदर सावरून हळूच म्हणाल्या, "कुलस्वामिनीच्या कृपेने जाहले. एकवार जाऊन ओटी भरून येते म्हणते."

"नाही," महाराज बोलिले, आणि सुख पावले.

एणेप्रमाणे वर्तमान जाहले. गड राहिला, शहराचे पाणी राहिले, ऊद संपला. कुलस्वामिनीची ओटी राणीसाहेबांनी घरूनच भरिली, आणि सुनांस पुढे एवढेच सांगत, की देव ऐकतो. सबब नवऱ्यासाठी मागताना बेताने मागावे.