मालिकेच्या नादे गार जाहालेल्या खिरीची हकीकत

श्रीशारदेस वंदन करोन, आणि ऐकणारांनी मध्येच उठोन जाऊ नये ऐसी हात जोडोन विनंती करोन, हा मजकूर लिहिला जातो. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, कंटाळानाम संवत्सरे, श्रावणमासी, एका राज्यी जे वर्तमान जाहाले ते ऐसे. राज्याचे नाव सांगण्याचा हुकूम नाही.

त्या राज्यी रिवाज होता की दिवेलागण जाहाली म्हणजे नगारा होई, आणि खाशांपासोन खिजमतगारांपर्यंत सर्व मंडळी दिवाणखान्यात चित्रपेटीपुढे बैसत, आणि पेटीत मालिका चाले, आणि मालिका संपल्याखेरीज मुदपाकखान्यातून एक ताट बाहेर येत नसे. साक्षात शत्रू वेशीवर आला असता तरी त्यास जाहिरात लागेपर्यंत तिष्ठत राहावे लागले असते. राज्याच्या धाकट्या राजकन्या कुंदाराजे, वय पंधरा, बुद्धी तल्लख, जीभ त्याहोन तल्लख. त्यांस या पेटीचा मनस्वी कंटाळा आला होता. कंटाळा कैसा, तर जिन्यावर तेल सांडलेले दिसले की कोण घसरणार हे त्यांस ठाऊक, आणि कोणी "मला तुला काहीतरी महत्त्वाचं सांगायचंय" ऐसे म्हणाला की सांगण्यापूर्वी त्यास अपघात होणार हे ठाऊक, आणि दरीत पडलेला भाऊ दाढी वाढवोन परत येणार हेही ठाऊक. चित्रपट लावावा तर तेथेही नायिका विमानात बैसण्याच्या बेतात आणि नायक मागोन धावत. मग ठाऊक ते पोटात राहीना, आणि कुंदाराजे मोठ्याने सांगोन टाकीत, आणि बरोबर तैसेच घडे, आणि मंडळी त्यांजवरच रागे भरत, जणू सगळा कट यांनीच रचिला. आईसाहेबांनी तर एकदा स्पष्ट फर्माविले की यापुढे बोललीस तर तुझे बैसणे पडद्याआड.

ऐशा समयी थोरले बंधू दादासाहेब यांचे लग्न जाहाले आणि सगुणावहिनी घरात आल्या, आणि हळद उतरते न उतरते तो दादासाहेब मोहिमेवर गेले. पहिल्याच सायंकाळी वहिनीसाहेब कुंदाराजांच्या कानाशी येवोन म्हणाल्या, "वन्सं, पैज लावता? आता वीज कडाडणार." आणि वीज कडाडली. मग काय विचारता! दोघी पदराआड तोंड लपवोन हसत, आणि कोण आधी ओळखते याची चढाओढ चाले, आणि कुंदाराजांस वाटू लागले की इतकी वर्षे आपण एकट्याच हुशार होतो ते किती भिकार होते.

परंतु पुढे ऐसे जाहाले की वहिनीसाहेब मालिका ऐन रंगात असता हळूच उठत, आणि कोठीघरात जात, आणि दार आतून लावोन घेत. हे भागू दासीने पाहिले. भागूने जन्मात जितक्या मालिका पाहिल्या तितके तांदूळ निवडले नसतील, म्हणोन सुनेने दार लावले म्हणजे आत विषच खलते हे तिला सांगावे लागले नाही. तिने आईसाहेबांच्या कानी घातले. आता आईसाहेब म्हणजे ज्यांनी दोन राज्यांचे तह घडविले आणि हेराच्या शब्दावर कधी पानसुद्धा हलविले नाही, परंतु या कामी त्यांनी सुनेस एक शब्द विचारिला नाही. मालिकेत सासू विचारीत नसते, ती डोळे बारीक करोन पाहत असते. तैसे त्या पाहू लागल्या. ते डोळे वहिनीसाहेबांनी ओळखिले, कारण तैसे डोळे त्यांनीही रोज पेटीत पाहिले होते, आणि त्या समजल्या की सासूबाई आपल्याविरुद्ध काही मसलत करीत आहेत. मग दोघी एकमेकींशी पूर्वीहोन फार गोड बोलू लागल्या, आणि पेटीचे शास्त्र जाणणारास यापरते वाईट लक्षण नाही.

मग नव्या सुनेच्या हातचे पहिले गोड खाण्याचा दिवस आला. वहिनीसाहेबांनी माहेरून आणिलेले गव्हले काढिले, जे त्यांच्या मावश्यांनी मांडी घालोन, बोटाच्या चिमटीत एकेक वळोन, लग्नासाठी करोन दिले होते, आणि त्यांची गूळ घालोन खीर केली, आणि सायंकाळी मालिका लागण्यापूर्वी वाट्या मांडिल्या. कोणी वाटीस हात लाविला नाही. आईसाहेब म्हणाल्या, गार होऊ दे. भागूने तर वाटी दोन बोटांनी दूर सरकविली. वहिनीसाहेब उभ्या राहोन पाहत होत्या. मग त्या आपल्या दालनात गेल्या, आणि पलंगाखालील पेटारा ओढिला, आणि उद्या सकाळी माहेरी जाते, मेणा सांगा, ऐसा निरोप धाडिला.

निरोप ऐकताच कुंदाराजांस पुढील सर्व भाग दिसले. मेण्याच्या पडद्याआड रडणे, आणि वाटेत पाऊस, आणि दादासाहेबांनी परत येवोन भलताच समज करोन घेणे, आणि वर्षे लोटणे, आणि शेवटी तिळावरोन ओळख पटणारे एक मूल. इतके ओळखीचे की जांभई यावी, आणि तरी या खेपेस जांभई आली नाही, कारण उद्यापासोन शेजारी हसावयास कोणी राहाणार नव्हते. मग त्यांनी खिरीची वाटी उचलिली, की आपणच पिऊन दाखवावी. आणि तोंडाशी नेता नेता थांबल्या. खीर पिणारी नणंदही त्यांनी पाहिली होती, ती हमखास चक्कर येवोन पडे. वाटी खाली ठेविली. मग डोके खाजवोन विचार केला की इतक्या मालिकांत कोणी कधीच केली नाही ऐसी गोष्ट कोणती, आणि ती सापडली, आणि सापडल्यावर इतकी साधी निघाली की त्यांस आपलाच राग आला. कोणी कोणास सरळ विचारीत नाही. विचारिले असते तर मालिका पहिल्या जाहिरातीआधी संपती.

तत्क्षणी त्या धावत गेल्या, आणि वहिनीसाहेबांचा हात धरोन त्यांस भर दिवाणखान्यात आणिले, आणि चालती चित्रपेटी बंद केली. सभेत हाहाकार जाहाला.

"वहिनीसाहेब, कोठीघरात दार लावून काय करता?"

सर्वांनी सवयीने एकमेकांची तोंडे पाहिली. वहिनीसाहेब जमिनीकडे पाहोन म्हणाल्या, "गूळ-शेंगदाणे खाते."

"कशासाठी?" आईसाहेबांनी विचारिले.

"भूक लागते. माहेरी आम्ही दिवे लागले की जेवतो. इथं मालिका संपेस्तोवर ताट येत नाही."

"अगं, मग सांगायचं नाही का?"

"कसं सांगू? नव्या सुनेनं भूक लागली म्हटलेलं तुम्ही कधी पाहिलंत?" ऐसे म्हणोन त्यांनी अंधारल्या पेटीकडे बोट केले.

आईसाहेबांनी पेटीतील सगळ्या सुना मनाशी आठवोन पाहिल्या, आणि तैसी एकही सापडली नाही. कुंदाराजांस पुढचे ठाऊक होते. आता आईसाहेब कडाडणार, नोकरांसमक्ष माझा अपमान म्हणणार, आणि आपले बैसणे कायमचे पडद्याआड. परंतु आईसाहेबांनी आपला पानाचा डबा पुढे ओढिला आणि झाकण काढिले. आत पान नव्हते, चकल्या होत्या.

"मलाही लागते," त्या म्हणाल्या. "ही पेटी आली तेव्हापासून लागते."

मग भागू हळूच म्हणाली की तिच्याही कनवटीला फुटाणे आहेत. आणि मग सर्वांनी वाट्या ओढिल्या. खिरीवर जाड साय धरली होती. आईसाहेबांनी पहिला घोट घेतला आणि कपाळाला आठी घातली.

"गोड कमी आहे."

"गूळ मीच खाऊन संपवला, सासूबाई," वहिनीसाहेब म्हणाल्या. "पडणार कुठून?"

यावर आईसाहेब ऐशा हसल्या की घोट नाकात गेला, आणि भागूस त्यांची पाठ थोपटावी लागली, आणि पेटारा पुन्हा पलंगाखाली गेला, आणि त्या दिवशीची मालिका कोणी पाहिली नाही.

येणेप्रमाणे जाहाले. दुसऱ्या दिवसापासोन ताटे आधी आणि मालिका नंतर. मालिका अद्याप चालू आहे, दाढीवाला भाऊ आला, कुंदाराजे अद्याप जांभया देतात. मात्र आईसाहेब हसतील हे त्यांनी आधी ओळखिले नव्हते, आणि वहिनीसाहेबांनीही नाही. हे लिहिण्याजोगे वाटले म्हणोन लिहिले, बाकी मजकूर नित्याचा.